मगन मिस्तरीच्या खिशातला प्लग

सुरतेत, उधन्याला रेल्वेलाइनीच्या अंगाला, लूमच्या शेडांची रांग संपते तिथं मगन मिस्तरीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खोली आणि तिच्यापुढे ओढून बांधलेला पत्रा. ड्रिल मशिनं, ग्राइंडर, लाकूड कापायचे कटर, जे जे विजेवर फिरतं आणि माणसाच्या हातात धरलं जातं ते सगळं तिथं दुरुस्त व्हायचं. पाटी गुजरातीत होती, कारण गिऱ्हाईक बहुतेक गुजराती. पण पाटीच्या खाली मगनने स्वतःच्या हाताने ऑइल पेंटने एक ओळ मराठीत लिहिली होती : 'गार्ड नसलेले मशीन मिळणार नाही.' ही ओळ वाचता येणारी माणसं खानदेशातली, म्हणजे घरचीच, आणि चाकावरचा गार्ड काढून फेकण्यात तीच सगळ्यांत पुढे. म्हणून ती ओळ मराठीत.

पण उधन्यात मगनची खरी ओळख होती ती त्याच्या खिशातल्या प्लगमुळे. लोकांच्या खिशात बिडीबंडल असतं, कंगवा असतो, एखाद्याच्या खिशात उगीच ऐटीला लावलेलं पेन असतं. मगनच्या शर्टाच्या डाव्या खिशात प्लग असायचा. मशीन उघडायला घेतलं, की आधी त्याचा प्लग खिशात जायचा आणि शेवटचा स्क्रू आवळेपर्यंत तिथंच राहायचा. "ज्याचा हात मशिनात, त्याच्याच खिशात प्लग," असं तो म्हणायचा. एकदा असाच तंद्रीत चहा प्यायला उठला, तर अर्धा उघडलेला ग्राइंडर वायरीसकट टेबलावरून त्याच्यामागे निघाला आणि त्याच्याच पायावर पडला. अंगठा आठ दिवस काळानिळा. पुष्पाबाई, म्हणजे त्याची बायको, त्यावर हळद लावता लावता म्हणाली, "वीज लागू नये म्हणून एवढं केलं, आणि वजन लागलं."

दुरुस्त झालेलं मशीन गिऱ्हाइकाला देण्याआधी तो त्याच्याकडूनच चालवून घ्यायचा. तोही एक सोहळाच असे. गळ्यातला गमछा काढा. सैल बाह्या वर सारा. हातातलं कडं, अंगठी, सगळं टेबलावर. ड्रिल धरताना हातमोजे घालायचे नाहीत, चाक धरताना डोळ्यांवर चष्मा घालायचा. एका जाडजूड शेठची अंगठी बोटातून निघेना, तेव्हा मगनने पुष्पाबाईकडून साबण मागवला आणि शेठला पत्र्याखाली बसवून ती काढायला लावली. कुणी नुसत्या उघड्या वायरी घेऊन यायचा आणि म्हणायचा, "प्लग कशाला, मिस्तरी, काडेपेटीच्या काड्या खोचल्या की बसतात वायरी." मगन त्याच्याकडे असा बघायचा, की तो माणूस पुन्हा काडेपेटीचं नाव काढत नसे. लोक हसायचे. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणे, हा तर पाणीसुद्धा फुंकून पितो, असं म्हणायचे.

हसणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं, की मगनचं तोंड खरोखर दुधानेच पोळलं होतं.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मगन आणि त्याचा धाकटा भाऊ दत्तू अमळनेरकडच्या आपल्या गावाहून भुसावळ लाइनीच्या गाडीने सुरतेला आले आणि एकाच लूमच्या शेडमध्ये लागले. मगन फिटर, दत्तू त्याच्या हाताखाली. एके दुपारी लाईट गेली. शेड गप्प झालं. हत्यारांना धार लावायचं चाक शेडच्या पलीकडच्या टोकाला होतं. त्याच्या दगडात आणि टेकूत एक लोखंडी पट्टी अडकलेली होती. चाक बंदच आहे तर तेवढ्यात काढून टाकू, म्हणून दत्तूने बोटं आत घातली. भिंतीवरचं बटन कुणी बंद केलेलं नव्हतं. लाईटच नाही तर बटनाकडे कोण बघतो? तेवढ्यात लाईट आली. मेन बोर्डापाशी मगन उभा होता. रोज करायचा तसा त्याने खटका वर केला. सगळे लूम एकदम खडखडायला लागले, आणि त्या खडखडाटातूनही दत्तूची किंकाळी त्याला ऐकू आली.

उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. धावपळीत खटका कुणी वर केला हे कुणी विचारलंच नाही. 'लाईट आली आणि चाक फिरलं' एवढंच सगळे म्हणत राहिले. मालक म्हणाला, नशीब. दत्तू बरा होऊन गावी गेला, तिथं बकऱ्या पाळू लागला, त्याचं लग्न झालं, पोरं झाली. दर दिवाळीला मगन त्याला भेटायचा, त्याच्या हाताकडे न बघता त्याच्याशी बोलायचा, आणि दरवेळी 'दत्तू, तो खटका मी वर केला होता' एवढं वाक्य ओठापर्यंत आणून परत गिळायचा. हे वाक्य त्याने पुष्पाबाईलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. शेडमधलं काम मात्र त्याने महिन्याभरातच सोडलं आणि हे दुकान टाकलं. खिशातला प्लग तेव्हापासूनचा.

तर अशा माणसाच्या पोरीचं लग्न निघालं.

योगिता त्याची एकुलती एक. उधन्याच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, आईशी अहिराणीत, शेजारणींशी गुजरातीत आणि बापाशी डोळ्यांनी बोलणारी. तिचा मामा बाबुराव याने स्थळ आणलं : मुलगा लखन, इच्छापोरला फॅब्रिकेशनच्या ठेक्यावर कामाला, जिने आणि जाळ्या बनवतो, घरचे शिंदखेड्याकडचे, निर्व्यसनी. बघण्याचा कार्यक्रम झाला. लखनने पोहे खाताना योगिताकडे एकदाच पाहिलं आणि नंतर सगळा वेळ बशीकडे. योगिताने आत जाऊन आईला सांगितलं, "चालेल." एवढ्यावर जमल्यासारखंच होतं.

आपल्यात रीत अशी, की मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघून यायचं. बाबुरावाने रिक्षा ठरवली. मगन म्हणाला, "घर तुम्ही बघा. मी त्याचं काम बघून येतो." आणि एकटाच इच्छापोरला गेला.

तिथं त्याने जे बघितलं ते बघून तो शेडच्या दारातच थांबला. लखन उकिडवा बसून लोखंडी अँगल कापत होता. चार इंची ग्राइंडरला त्याने वॉशर घालून सात इंची चाक बसवलं होतं. एवढं मोठं चाक गार्डात मावत नाही, म्हणून गार्ड काढून कोपऱ्यात फेकलेला. मोठं चाक सावकाश फिरायच्या मशीनचं असतं. लहान मशीन त्याला त्याच्या ताकदीबाहेर पळवतं, आणि एखाद्या दिवशी ते चाक फुटून तुकडे तोंडावर येतात. लखनच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. गळ्यात गमछा होता. बोर्डात दोन उघड्या वायरी होत्या आणि त्यांच्या शेजारी, देवाशपथ, काडेपेटीच्या दोन काड्या. लखनने वर पाहिलं, मशीन चालू असतानाच एक हात सोडून नमस्कार केला आणि हसला. डाव्या भुवईवर एक जुना व्रण होता. तो कशाचा हे मगनला विचारावं लागलं नाही.

घरी येऊन तो म्हणाला, "हे स्थळ नको."

घरात जे वादळ झालं ते विचारू नका. बाबुराव तर उभाच राहिला. "कुळ जुळतं, पत्रिका जुळते, पोरगा गाईसारखा गरीब, आणि तुमचं अडलं कशात, तर एका पत्र्याच्या चकतीत? लोक ऐकतील तर काय म्हणतील, दाजी? पोरीला उजवायचंय की मशीन विकायचंय?"

"ज्याला आपल्या हाताची किंमत नाही, त्याच्या हातात माझी पोर कशी देऊ?" मगन म्हणाला. तो हट्टी होता हे खरं. पण तो घाबरला होता हे त्याहून खरं, आणि ते त्या घरात कुणाला दिसत नव्हतं. लखन हसून नमस्कार करत होता तेव्हा मगनला त्याच्या जागी दत्तू दिसला होता.

दोन दिवस चूल धुमसत राहिली. तिसऱ्या दिवशी योगिता दुकानात आली. बापाचा प्लग खिशात, समोर ड्रिल उघडलेलं. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आप्पा, एक विचारू? बिघडलेलं मशीन कुणी आणलं, तर तुम्ही ते फेकून देता?"

मगन मोटरीतला कार्बन घासत राहिला.

"उघडून तर बघता ना?" असं म्हणून ती निघून गेली.

मगनने कार्बन खाली ठेवला. पोरीने बापाला त्याच्याच टेबलावर उघडं पाडलं होतं. संध्याकाळी त्याने बाबुरावाला निरोप पाठवला : खंडेनवमीला लखनला घेऊन या, आणि त्याची सगळी मशिनं पण.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, हे तुम्हांला सांगायला नको. पण मगनच्या दुकानातली खंडेनवमी वेगळी. त्या दिवशी उधन्यातले खानदेशी कारागीर आपापली मशिनं घेऊन त्याच्याकडे येत, आणि मगन आधी प्रत्येक मशीन उघडायला लावी. धूळ फुंकून काढायची, झिजलेले कार्बन बदलायचे, गिअरला ग्रीस, कुठं वायर सोललेली असली तर ती टेपने गुंडाळायची नाही, बदलायची. अर्थिंगची तार जागेवर आहे ना बघायचं. बाकड्यावरच्या चाकाचा दगड असेल, तर तो काढून, बोटात अडकवून, लाकडी मुठीने टिचकी मारायची. ठण्ण वाजला तर धड, भद्द वाजला तर आत भेग, मग तो कुणाचाही असो, फोडून टाकायचा. एवढं झाल्यावर हळदकुंकवाचं एक बोट मुठीवर, आणि फूल शेजारी. मग सगळ्यांत महत्त्वाचं : पूजेचा लाल दोरा प्लगच्या पिनांना बांधायचा. दसऱ्याला हत्यार विश्रांती घेतं, तेव्हा दोरा असेपर्यंत प्लग कुणाच्या बोर्डात जाणार नाही. एकादशीला ज्याने त्याने येऊन आपापला दोरा सोडायचा. "ज्यानं बांधलं, त्यानंच सोडायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो देव का असेना," हा मगनचा कायदा होता.

लखन आला, खांद्यावर गोणी घेऊन. गोणीत तीन ग्राइंडर, दोन ड्रिल. तो बिचारा शहाण्यासारखा नारळ पण घेऊन आला होता. इकडे तिकडे कुणी बघत नाही असं पाहून त्याने नारळ फोडला आणि ते पाणी भक्तिभावाने ग्राइंडरवर धरलं. मगनने झडप घालून त्याचा हात धरला.

"काय करतोस हे?"

"पूजा, मामा. आमच्याकडे दरसाल पाणी शिंपडतात." होणाऱ्या सासऱ्याला तो आत्तापासूनच मामा म्हणत होता.

"आणि मग?"

लखन कान खाजवत म्हणाला, "मागच्या साली दोन जळाले. साहेब म्हणाला, व्होल्टेज जास्त आलं."

पत्र्याखालची माणसं हसून हसून आडवी झाली. मगनलासुद्धा हसू आलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्याला ह्या पोराबद्दल माया वाटली. त्याने नारळाचं पाणी लखनलाच प्यायला लावलं. मग दोघं समोरासमोर बसले. लखन मूर्ख नव्हता, हाताने तर फारच चांगला होता. एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं. फक्त गार्डापाशी तो अडला.

"मामा, गार्ड लावला की कोपऱ्यात चाक पोचत नाही. काम अटकतं."

"जिथं चाक पोचत नाही तिथं कानस घ्यायची."

"टाइम लागतो ना."

"लागू दे की. माझी पोर घरी बसून तुझी वाट बघणार. तुला वेळ लागला तर बघेल तासभर जास्त." हे बोलून झाल्यावर आपण काय बोलून बसलो हे मगनच्या लक्षात आलं. लखनच्याही आलं. त्याने खाली मान घालून पाचही मशिनांना मगनने दिलेले प्लग बसवले, त्यांना दोरे बांधले, गाठी पक्क्या केल्या, आणि एकादशीला सकाळी सातला येऊन सोडले. एकही दोरा त्याने दुसऱ्याला सोडू दिला नाही.

तरी मगनचा जीव थाऱ्यावर नव्हता. पंधरा दिवसांनी तो कुणाला न सांगता शटल रिक्षात बसून इच्छापोरला गेला आणि शेडच्या मागच्या जाळीतून चोरासारखा आत डोकावला. लखन चाक बदलत होता. चाक लहान होतं, मशीनच्या मापाचं. गार्ड जागेवर. चष्मा कपाळावर. आणि शर्टाच्या खिशात प्लग. शेजारी बसलेला वेल्डर हिंदीत चेष्टा करत होता, "क्या लखन, सास-ससुर ने दहेज में प्लग दिया क्या?" लखन म्हणाला, "हां. और कुछ मांगा ही नहीं." मगन जाळीपासून मागे झाला, रस्त्यावर येऊन त्याने नाक शिंकरलं आणि घरी जाऊन पुष्पाबाईला सांगितलं, "बाबुरावला बोलव. तारीख काढा."

सत्त्याण्णवच्या वैशाखात, गोरज मुहूर्तावर लग्न ठरलं. गावाहून पाहुणे आठ दिवस आधीच आले. दत्तूही आला, बायकोपोरांसकट. आल्यापासून त्याने एका जागी बसायचं नाव घेतलं नाही. अंगठा आणि करंगळी यांच्या चिमटीत सुपाऱ्या धरून तो विडे बांधत होता, पाहुण्यांना पाणी देत होता. मगन त्याला बघायचा आणि दुसरीकडे निघून जायचा. पोरीच्या लग्नात तरी सांगावं, असं त्याला वाटत होतं. पोरीच्या लग्नात तरी कसं सांगावं, असंही वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी दुपारपासून मांडवाच्या कमानीचा एक खांब हलत होता. मांडववाला मारुती 'आलोच' म्हणून गेला तो आलाच नाही. वरात कोपऱ्यापर्यंत आली, बँडचा आवाज ऐकू यायला लागला, तसा मगनचा धीर सुटला. नवरदेवाच्या डोक्यावर कमान पडली तर? तो ड्रिल घेऊन स्टुलावर चढला. देवकाला बसताना खांद्यावर घेतलेलं नवं उपरणं तसंच होतं. भटजींनी मनगटाला बांधलेला सुताचा दोरा लोंबत होता. लाकडी खांबाला भोक पाडून नटबोल्ट घालायचा, दोन मिनिटांचं काम. एका हाताने खांब धरायचा होता, म्हणून त्याने ड्रिलचं बटन दाबून अडकवून ठेवलं, म्हणजे बोट काढलं तरी मशीन चालू राहील. भोक अर्धं झालं आणि लाईट गेली.

ड्रिल गप्प झालं. वाजंत्री वाजतच होती. भोक लहान पडतंय, जाड पातं लावायला हवं, हे मगनला दिसतच होतं. लाईट नाहीच, तर तेवढ्यात पातं बदलून घेऊ, असं त्याच्या मनात आलं. त्याने ड्रिल पोटाशी धरलं आणि पातं पकडणाऱ्या चकमध्ये चावी घालून फिरवायला लागला. उपरण्याचा पदर चकवर लोंबत होता. बटन अडकलेलंच होतं. प्लग खाली बोर्डात होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण त्याला त्या क्षणी यातलं काही दिसत नव्हतं. एका तासात पोर ह्या कमानीखालून निघून जाईल, एवढंच डोक्यात होतं.

वरात मांडवाच्या दारात आली. लखन घोड्यावर, डोक्याला बाशिंग, हातात लिंबू टोचलेली कट्यार आणि योगिताने कशिदा काढून पाठवलेला रुमाल. पुष्पाबाई ओवाळायला ताट घेऊन पुढे झाली. आणि ओवाळणीची वाट न बघता नवरदेवाने घोड्यावरून खाली उडी मारली.

"अरे! अरे, नवरदेव उतरला!" बाया ओरडल्या. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" कुणीतरी म्हणालंच. लखनची आई 'अपशकुन, अपशकुन' करत मागे धावली. लखन कुणाकडे बघत नव्हता. तो मुंडावळ्या सावरत मांडवाच्या खांबापाशी गेला, खाली पडलेल्या बोर्डातला प्लग त्याने उपटला आणि हातातला कशिद्याचा रुमाल त्याच्या पिनांना गच्च बांधला. दोन गाठी मारल्या.

आणि लाईट आली. भोंग्यातून सनई एकदम किंचाळली, मांडवातले सगळे दिवे लागले. मगन स्टुलावर उभा होता, एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात चावी, आणि मधे उपरणं. ड्रिल गप्पच होतं. त्याने खाली बघितलं. रुमाल बांधलेला प्लग घेऊन लखन वर बघत होता.

"मामा," तो हळूच म्हणाला, "ज्यानं बांधलं, त्यानंच सोडायचं."

मगन स्टुलावरच मटकन बसला. बाबुरावाने त्याला धरून खाली उतरवलं. लोकांना वाटलं, पोर चालली म्हणून बापाचं मन भरून आलं. खरं काय ते मांडवात दोघांनाच कळलं होतं. दोघांना, आणि विड्यांच्या ताटापाशी उभ्या असलेल्या दत्तूला. कमान सुंभाने आवळली. लखन पुन्हा घोड्यावर चढला, पुष्पाबाईने त्याला रीतसर ओवाळलं, आणि लग्न वेळेवर लागलं.

पाठवणीच्या रडारडीत रुमाल सोडायचं लखन विसरला. पोर गेली, मांडव उतरला, आणि दुकानात टेबलावर ते ड्रिल कशिद्याचा रुमाल बांधून बसून राहिलं. मारुती मांडववाला ते दोन दिवसांसाठी मागायला आला. मगन म्हणाला, "मिळणार नाही."

"अरे, रुमालच आहे ना! सोड आणि दे."

"ज्यानं बांधलाय तो येईल."

"कधी येईल?"

"पाचव्या दिवशी."

मारुती कपाळावर हात मारून गेला. पाच दिवस मगनने त्या गाठीला हात लावला नाही. रोज सकाळी टेबल पुसताना तो ड्रिलच्या कडेकडेने पुसायचा. बारा वर्षं तो सगळ्यांच्या हातांची राखण करत आला होता, त्याच्या हाताची कुणी राखण केल्याची ही पहिलीच वेळ होती. त्याला ते सारखं आठवायचं आणि दरवेळी डोळे भरून यायचे.

पाचव्या दिवशी योगिता आणि लखन परत आले. दत्तू गावी जायचा थांबला होता, पुतणीला भेटून जातो म्हणून. दुपारी सगळे दुकानाच्या पत्र्याखाली बसले. लखनने रुमालाच्या गाठी सोडल्या, योगिताने तो हातात घेऊन झटकला. पिनांच्या जागी त्याला काळे डाग पडले होते. "धुतला तरी जाणार नाही हा," ती म्हणाली. लखन म्हणाला, "राहू दे."

मगन चहाचा कप हातात धरून बसला होता. कप खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मग कुणाकडेही न बघता तो म्हणाला, "दत्तू, त्या दिवशी तो खटका मी वर केला होता."

पुष्पाबाई आतून येत होती, ती दारातच थांबली. योगिताला कळलं नाही, तिने रुमाल मांडीवर ठेवला. दत्तूने चहाचा घोट घेतला.

"माले मालूम व्हतं, भाऊ."

मगनने मान वर केली. "कधीपासून?"

"तवयपासून. लूम चालू व्हयनात, मी मान वर करीसन देखं, ते तुन्हा हात खटकावरच व्हता."

"मग बोलला का नाहीस? बारा वर्षं?"

"तू बी कोठे बोलना? माले वाटे, भाऊले सांगनं व्हई तवय सांगी. तुले आज सांगनं व्हतं, सांगं. जाऊ दे आते." आणि कप खाली ठेवून तो म्हणाला, "तू हाई प्लग खिसामा लिसन फिरस. लोके हासतस. माले नही हासू येत, भाऊ. मन्ही बोटंच लिसन फिरस तू."

मगन रडला. पोरीच्या पाठवणीला रडला नव्हता एवढा रडला, सगळ्यांच्या देखत, जावयाच्या देखत. पुष्पाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बारा वर्षांचा सगळा राग तिच्या तोंडून एवढाच निघाला, "मला तरी सांगायचं होतं."

बऱ्याच वेळाने मगनने डोळे पुसले आणि सवयीने ड्रिल जवळ ओढलं. पाच दिवस बसून होतं, बेअरिंग बघायला हवं होतं. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला, पण प्लग कुठं गेला ते त्याला दिसेना. तो दत्तूच्या पायाशी पडला होता. दत्तू वाकला. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत त्याने प्लग उचलला, भावाच्या शर्टाच्या डाव्या खिशात घातला, आणि खिशावर तोच हात क्षणभर ठेवून म्हणाला, "हां. आते कर काम."